मांडवाखालचा फ्रिज

राम राम मंडळी. मी लहानू, मोखाड्याकडचा. शाळा मी बाहेरूनच बघितली, म्हणून मी बोलतो आन् भाची मोबाइलवर लिहिते. भुताच्या गोष्टी तर मीच बनवून पाव्हण्यांना सांगायचो... मना स्वतःला एकपण कवा खरी वाटली नाय. आता हे ऐका.

एप्रिलात पोशेऱ्याजवळच्या माळावर मुंबईचे एक सर ऱ्हायला आले. टेम्पोचंच घर केलेलं — पलंग, गॅस, फ्रिज. माळावर लाइट नाय, फ्रिज छपरावरच्या सोलरवर. संगं त्यांची आई. आजींना साखरेचा आजार, रोजचं इन्सुलिन त्या फ्रिजात. पाणी आणायला मी.

सर पहिल्याच सकाळी बोलले, "लहानूदादा, फ्रिजवर लक्ष ठेवा. औषध तापलं तर आईचं अवघड होईल." आन् आंघोळीला नदीवर गेले.

मी डोकं चालवलं. ऊन छपरावर, छपराखाली फ्रिज... मतलब सावली पायजे. वर चढलो आन् त्या काळ्या काचांवर जांभळीच्या फांद्या टाकल्या, लग्नाच्या मांडवावर टाकतो तशा दाट. खालनं त्या दिसायच्या नाय, आन् मी कोणाला सांगितलंपण नाय. बोललो, जाताना सांगून बक्षीस मागू.

तीन दिवस सगळं बरं. आजी सुई घ्यायच्या, मना गार पाणी द्यायच्या. चौथ्या दिवशी सर काचा पुसायला वर चढले.

"हे कोणी केलं?"

"मीच की, सर. पहिल्याच दिवशी."

सर खाली आले ते तोंड पांढरं करून. "अहो दादा, त्या काचांवर ऊन पडतं म्हणून फ्रिज चालतो." मोबाइलात बघितलं. फ्रिजची बॅटरी पहिल्याच रात्री संपलेली. दिवे गाडीच्या दुसऱ्या बॅटरीवर, म्हणून कळलं नाय. "आई, तू तीन दिवस खराब औषध घेतेयस..."

मी दोन्ही कान धरले.

सरांनी फ्रिज उघडला. आतला दिवा लागला नाय. पण थंडी... धुक्यासारखी बाहेर आली, आमच्या पायांवर उतरली. बाटलीवर दव. आतल्या छोट्या थर्मामीटरवर चार, सर बोलले, जेवढं पायजे तेवढंच. त्यांनी कान लावला. आवाज नाय. बाहेर माळ भाजत व्हता आन् माझ्या अंगावर काटा.

आजींनी हात आत घातला तो काढेचनात. "झऱ्यात हात घातल्यासारखं वाटतंय रे," हळूच बोलल्या.

त्यांची साखर मोजली. रोजच्यासारखीच. मंग फांद्या काढल्या. काय वेळानं फ्रिज घुर्रर्र करून चालू झाला, तवा आम्ही तिघं दचकलो. इतके दिवस तो आवाज कोणी ऐकलाच नव्हता.

सर शिकलेले माणूस. वायरी तपासल्या, चार लोकांना फोन लावले. "असं होऊच शकत नाही दादा," येवढंच बोलले. जाताना आजींनी हात जोडले. मी मागं वळून बघितलं, दुसरं कोणी हाय का.

बायको बोलते, "तुम्ही केलेलं निस्तरायला देवाला तीन दिवस उन्हात बसावं लागलं." पाड्यात कोणाचं दूध नासायला लागलं की आता मना बोलावतात. मी जाऊन हात लावतो. दूध फाटतंच.

मंग तिथं काय व्हतं, मना आजून उमगलं नाय. त्या माळावरनं जाताना चपला हातात घेतो. पाय भाजतात... भाजू दे.