माइकवाल्यापाशी थांब

पलूसचे नाथाजी जमदाडे साखर कारखान्यात मिलवर तेहतीस वर्षं राबले. मिलचा आवाज असा, की शेजारचा माणूस कानाशी ओरडला तरी त्याचं तोंड हललेलं तेवढं दिसायचं. तिथे कामगार हाताने बोलत. तळवा वर केला की थांब. मूठ आवळली की ऊस अडकला. निवृत्तीपर्यंत नाथाजींचा उजवा कान गेला होता, डावा निम्मा उरला होता. त्याची तक्रार त्यांनी कधी केली नाही. काम म्हटलं की झीज आलीच, असं म्हणत. कामचुकारपणा मात्र त्यांना खपत नसे, स्वतःचा तर मुळीच नाही.

अशा माणसावर रॉकच्या कार्यक्रमाला जायची पाळी आली ती नातीमुळे. साक्षी अकरा वर्षांची. पुण्याच्या एका बँडची सगळी गाणी तिला मोबाइलवर ऐकून पाठ झाली होती. तो बँड सांगलीत एका कॉलेजच्या मैदानावर येणार म्हटल्यावर तिच्या बापाने, जयराजने, लष्कराच्या छावणीत बसून तिकिटं काढली. ऐन वेळी त्याची रजा रद्द झाली. फोनवर म्हणाला, "आबा, तुमीच न्या तिला. लय आस लावून बसलीया."

सून राजेश्वरीला ते पटलं नाही. "आवं आबा, तुमाला ऐकू येत न्हाई, आन् तितं हजारो पोरं. पोर हातची सुटली तर?"

"औंधच्या जत्रंत दरसाल नेतोय. सुटली का कवा? मी जबाबदार."

असा शब्द ते सहसा देत नसत. दिला की पाळत.

एसटीत त्यांनी साक्षीला जत्रेचाच नियम सांगितला. "चुकलीस तर हिंडायचं न्हाई. माइकवाल्यापाशी जाऊन थांबायचं. त्यो नाव पुकारतोय, मी येतोय."

"म्हाईत हाय आबा. दरवर्सी त्येच सांगता," साक्षी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

गेटवर बायकांची तपासणी वेगळी, पुरुषांची वेगळी. साक्षी दोन मिनिटांत पार झाली आणि पलीकडून हात हलवू लागली. इकडे नाथाजींच्या कोपरीच्या खिशात अडकित्ता निघाला. रखवालदाराने तो वर धरला.

"हे काय आणलंय आजोबा?"

"सुपारी कातरायचा हाय."

"धारदार वस्तू आत चालत नाही. टोपलीत टाका."

"टोपलीत? माझ्या बाचा हाय त्यो! मला चिठ्ठी लिहून दे मग."

"अडकित्त्याची चिठ्ठी?"

"आजोबा, सरका की! सुपारी उद्या खावा!" मागची पोरं हसू लागली.

अडकित्ता टाकायचा आणि आत जायचं, एवढंच काम होतं. नाथाजी वाद घालत बसले. तेवढ्यात आत ड्रम धडाडला आणि गेटवरचा लोंढा एकदम पुढे सरकला. नाथाजींनी मान वळवली. साक्षी उभी होती तिथे आता कुणी नव्हतं.

अडकित्ता तिथेच सोडून ते धावले.

मैदानात पाच-सहा हजार पोरं, बहुतेक काळ्या टीशर्टातली. साक्षीनेही हट्टाने काळाच घातला होता. नाथाजींनी हाक मारली. स्वतःची हाक त्यांना स्वतःलाच ऐकू आली नाही. मिलमध्येही त्यांना इतकं बहिरं वाटलं नव्हतं. तिथे कोण कुठे उभं आहे ते ठाऊक असायचं.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक पोरगा दिसला. कार्डावर पुष्कर असं नाव होतं. नाथाजींनी त्याचा दंड धरला. "नात चुकलीया माझी. माइकवरनं नाव पुकार."

पुष्करने त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. "आजोबा, गाणं चालू आहे. मध्येच थांबवता येत नाही."

"औंधाला देवीची आरती थांबवून पुकारत्यात रं! तुजं गाणं देवीपरीस मोठं व्हय?"

पोरगा ओशाळला. "हे गाणं संपलं की स्टेजवर सांगतो. तिला कुठे थांब म्हणालात?"

"माइकवाल्यापाशी."

पुष्करने स्टेजकडे पाहिलं. माइक गाणाऱ्याच्या हातात होता. त्याच्यासमोर पोरं उड्या मारत एकमेकांवर आदळत होती. "तिकडे?" तो म्हणाला. "तिथे मोठी माणसंसुद्धा पडतात हो."

साक्षी सांगितलेलं ऐकणारी पोर. माइकपाशी जा म्हटलं म्हणजे गेलीच असणार. आणि पाठवली कुणी, तर आपणच.

ते गर्दीत घुसले. खांदा आडवा, कोपर बरगडीला, एक पाय रोवला की मग दुसरा. नुसत्या जोराने वाट मिळत नव्हती, फट बघून अंग घालावं लागत होतं. कुणाचं तरी कोपर तोंडावर बसलं, ओठ फुटला. जमीन दिसेल तिथे ते वाकून बघत होते. पायांखाली एखादी लहान चप्पल, एखादा हात दिसतो का. दिसू नये म्हणून औंधच्या यमाईला विनवत होते, आणि तरी बघत होते. एका मुलीला खांदा धरून वळवलं. ती भलतीच निघाली. तिच्या मैत्रिणींनी त्यांना ढकलून दिलं. त्यात त्या पोरींची काही चूक नव्हती.

शेवटी पुढचं लोखंडी कुंपण हाताला लागलं. साक्षी नव्हती. गाणारा दहा पावलांवर होता. नाथाजींनी हात उंच करून तळवा दाखवला. थांब. मिलमध्ये या खुणेवर आख्खं गाळप थांबायचं. गाणाऱ्याला वाटलं, म्हातारा रंगात आलाय. त्याने हसून आपलाही तळवा वर केला. मागच्या हजारो पोरांनी तळवे वर केले आणि एकच आरोळी ठोकली.

नाथाजी वळले. समोर नुसते हात. त्या हातांपलीकडे, मैदानाच्या मधोमध, एक छोटा मांडव होता. आत दिव्यांचं मशीन, वायरी, आणि कानाला हेडफोन लावून बसलेला माणूस.

जत्रेत माइकवाला गात नाही. तो मशीनपाशी बसतो. साक्षीला ते ठाऊक होतं.

जेवढी वाट आत कापली होती तेवढीच उलट कापायची होती. ते गेले.

मांडवाच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून साक्षी ओरडत होती. चेहरा रडून लाल. नाथाजींना बाजूने येतानाच तिच्या ओठांवरून शब्द कळले. "ओ काका, नाव पुकारा की! नाथाजी जमदाडे, पलूस! म्हातारं माणूस हाय, चुकलंय!" हेडफोनवाला मान वर करत नव्हता.

नाथाजींनी तिला मागून कवेत घेतलं. ती दचकली, मग त्यांच्या छातीवर बुक्क्या मारू लागली. "कुठं हिंडत हुता आबा? हितंच थांबायचं ठरलं हुतं न्हवं?"

ते तुडवलेल्या गवतावर बसले. खिशात थरथरणारा फोन त्यांनी बाहेर काढला. राजेश्वरीचा अकरावा फोन.

साक्षीने नाव वाचलं आणि त्यांच्या कानाशी वाकली. "आईला सांगू नका. परत कवा सोडायची न्हाई ती."

नाथाजींनी फोन डाव्या कानाला दाबला. पलीकडचं काहीच ऐकू येईना.

"पोर सुटली हुती," ते म्हणाले. "माझ्या हातनं. अडकित्त्यापायी. आता सापडलीया."

तिकडून ती काय म्हणाली ते कळलं नाही. तिला ऐकू गेलं की नाही, तेही कळलं नाही. नाथाजींनी फोन तोंडाजवळ आणला आणि तेच सगळं पहिल्यापासून, अजून मोठ्याने सांगितलं.