हजार किलोमीटर आणि दुसरा पंच

जालना जिल्ह्यात मोटारसायकल चालवणारे पुष्कळ असतील, परंतु मोटारसायकलीवरून खाली उतरणे ज्यांना मानहानी वाटते असे गृहस्थ एकच आहेत, आणि ते नात्याने माझे साडू लागतात. हे विधान मी जबाबदारीने करीत आहे. जालन्याच्या तहसील कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली गेली सव्वीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहितो. माझे शिक्षण आठवीपर्यंत असले, तरी माझ्या हातचा अर्ज मजकुराच्या दोषाने कधी परत आलेला नाही. तेव्हा मोजून शब्द टाकण्याची मला सवय आहे.

साडू केदारखेड्याचे. वय बासष्ट, शेती चांगली, मिशा पांढऱ्या, गाडी काळी, शंभर सीसीची आणि वयाने त्यांच्या एकुलत्या लेकीहून चारच वर्षांनी लहान. दाढी करायला ते केदारखेड्याहून भोकरदनला जातात. गावात न्हावी नाही असे नव्हे. त्याचे दुकान साडूंच्या दारासमोरच आहे. त्याने एकदा दुखावून कारण विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "तुझ्यापाशी यायला किक मारावी लागत न्हाई, मंग मजा काय?" चहा ते गाडीवर बसूनच पितात. टपरीवाला बाकडे पुसून देतो. हे एक पाय जमिनीला टेकवून नुसता हात पुढे करतात. लेकीच्या लग्नात जालन्याहून येणाऱ्या वऱ्हाडाला वेशीवर सामोरे जायचे होते. हे गाडीवर थेट राजूरपर्यंत सामोरे गेले आणि फेट्याचे टोक उडवीत वऱ्हाडाच्या सगळ्या मोटारी आपल्या मागे घेऊन आले. वेशीवर ताट घेऊन उभ्या असलेल्या बायकांना आधी कोणाला ओवाळावे ते कळेना. आमच्याकडून समृद्धी महामार्ग गेला आणि त्यावर दुचाकीला मज्जाव आहे असे कळले, तेव्हापासून त्याच्या पुलाखालून जाताना ते न चुकता हॉर्न वाजवतात. "वरच्यांना ऐकू जाऊ द्या, साडभाऊ. खाली बी माणसं हायेत."

मात्र या गाडीच्या मागच्या सीटवर कोणालाही प्रवेश नाही. एकदा राजूरच्या गणपतीहून परतताना माझी चप्पल तुटली. मागून साडू आले. त्यांनी आस्थेने चौकशी केली, आणि मला मागे बसवण्याऐवजी गाडी बंद करून ती ढकलत माझ्यासोबत दोन किलोमीटर चालले. आयुष्यात मी त्यांना रस्त्याने पायी पाहिले ते तेवढेच. त्या सीटवर एक गोधडी घडी करून दोरीने बांधलेली असते. ती अक्काची, म्हणजे साडूंच्या पत्नीची, माझ्या मंडळींच्या थोरल्या बहिणीची. अक्का जाऊन सहा वर्षे झाली. तेव्हापासून त्या जागेवर माणूस सोडाच, कांद्याची पिशवीही बसलेली नाही. ती पुढे टाकीवर बसते.

गेल्या उन्हाळ्यात वाळूवर घसरून साडूंचे मनगट मोडले. प्लास्टर निघाल्यावर लेक त्यांना घेऊन माझ्या टेबलापाशी आली. ती जुन्या जालन्यात राहते, कचेरीत नोकरी करते आणि आवाज न चढवता बोलते.

"काका, तुम्हीच सांगा आबांना. गाडी विकून टाकू म्हणते मी."

"विकायला मी मेलो का?" साडू म्हणाले.

"त्याची वाट बघून राह्यले का मी? हात थरथरतो तुमचा. काल कपातला चहा सांडला."

"चहा गरम व्हता."

मी दोन्ही बाजू ऐकून घेत होतो. तेवढ्यात साडूंनी चावी काढून माझ्या दौतीशेजारी ठेवली. शहरातली मंडळी भारी गाड्यांवर एका दिवसात हजार किलोमीटर जातात, हे त्यांनी मोबाईलवर पाहिले होते. "ह्याच गाडीवर करतो. चोवीस तास. साकोली गाठून माघारी, बराबर हजाराच्या वर भरतं. झालं तर चावीचं नाव काढायचं न्हाई. न्हाई झालं तर चावी तुझी. साडभाऊ, कागद करा."

मी कागद केला, आणि तो अक्षरशः नमुनेदार केला. ठिकाण, आगमन, प्रस्थान, गाडीचा आकडा, पंच क्रमांक एक, पंच क्रमांक दोन, असे सहा रकाने. जिथे पेट्रोल भरायचे तिथे दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. लेक म्हणाली, "काका, पेट्रोल भरायला दोन पंच?" मी तिला समजावले, की एका पंचावर कोणताही पंचनामा टिकत नाही.

कचेरीची दारे उघडतात त्या ठोक्याला, सकाळी दहा वाजता, साडू माझ्या टेबलापासून निघाले. स्टँपविक्रेते हसले, चहावाले हसले. कोणी म्हणाले, जिल्ह्याच्या हद्दीपुढे जात नाहीत. मी त्यांना सांगितले, की हसण्यास परवानगी लागत नाही, परंतु उद्या दहा वाजता येथे हजर राहावे.

दुसऱ्या दिवशी ते सगळे हजर होते. लेकही होती. दहा वाजले. सव्वादहा वाजले. दहा वाजून पंचवीस मिनिटांनी काळी गाडी वळणावर दिसली. साडूंच्या मिशा धुळीने तांबड्या झाल्या होत्या आणि बोटे मुठीभोवती अशी आवळलेली, की मला ती एकेक करून सोडवावी लागली. आकडा मी स्वतः वाचला. हजाराच्या वर अडतीस किलोमीटर. वेळ मात्र टळली होती.

मी लेखणी उचलली आणि हळूच म्हणालो, "आगमन सुमारे दहा वाजता, असे लिहू का?" सुमारे या शब्दाने माझ्या अर्जांत अनेकांची अब्रू राखली आहे.

"सुमारे गाडी चालवली का मी? दहा पंचवीस लिहा." आणि त्यांनी चावी लेकीपुढे धरली.

तिचे लक्ष कागदावर होते. "साकोलीला चाळीस मिनिटं काय केलं, आबा?"

"पंपावर एकलीच बाई व्हती. तिनं सही केली. दुसरा पंच न्हवता. मंग एक दूधवाला आला."

"एका सहीवर निघून यायचं ना."

"साडभाऊंनी रकाना आखला व्हता. रिकामा कसा ठेवायचा?"

मी दौतीचे झाकण बराच वेळ लावत राहिलो. लेकीने माझ्याकडे पाहिले आणि शब्दाप्रमाणे चावी पर्समध्ये टाकली.

त्यानंतर दोन महिने गाडी ताडपत्रीखाली होती. साडू एसटीने जालन्याला येत, तेही जागा असताना उभ्याने. "बसायला ती काय गाडी हाये?" अशाच एका सोमवारी ते माझ्यासमोर येऊन म्हणाले, "लेकीला अर्ज लिहा. विषय, चावी." मी मजकूर सजवला आणि रिवाजाप्रमाणे शेवटी लिहिले, ही नम्र विनंती. त्यांनी वाचायला लावले आणि म्हणाले, "विनंती काढा. मी मागून न्हाई राह्यलो, कळवून राह्यलो. पुन्हा जाणार हाये." सव्वीस वर्षांत विनंतीविना गेलेला माझा तो पहिला अर्ज.

आज सकाळी लेक तो अर्ज घेऊन आली. हेल्मेट तिच्या हातात होते. चावी तिने कालच केदारखेड्याला पोचवली होती, म्हणून साडू गाडीवर बसूनच हजर होते. समासात तिने शेरा मारला होता: मंजूर. वेळेत झाल्यास चावी कायमची आबांची. दोन पंचांची अट कायम. दुसरा पंच सोबत येईल.

साडूंनी शेरा ऐकला. गाडीवरून उतरले, सगळ्यांच्या देखत. मागच्या सीटवरची दोरी त्यांनी स्वतः सोडली; सहा वर्षांच्या गाठी, त्यांना वेळ लागला. गोधडी काढली नाही, तिची एक घडी उलगडून सीटवर पसरली आणि तळहाताने सारखी केली.

"बस. घट्ट धर. तुझी आई धरायची न्हाई, झोपायची."

दहाच्या ठोक्याला दोघे निघाले. यावेळी कोणी हसले नाही. प्रस्थानाच्या रकान्यात मी वेळ लिहिली आहे. आगमनाचा रकाना उघडा आहे. उद्या तो मीच भरणार, आणि घड्याळात काहीही वाजलेले असो, सुमारे लिहिणार नाही.