कौलं उतरवलेला पूल

लाय मिस्त्रींनी आयुष्यभर पुलांवर कौलं चढवली, कावडीने. चीनमधल्या फूच्येनच्या एका दरीतले छपराचे लाकडी पूल डोक्यावरच्या कौलांच्या वजनानेच घट्ट उभे असत. म्हणून दुरुस्तीला कौलं उतरवायची ती दोन्ही काठांकडून एकदम, सारखी.

यंदा माणसं मिळाली नाहीत. मिस्त्रींनी गावाकडची अर्धी बाजू एकट्याने उघडी केली आणि पलीकडची नंतर बघू म्हणाले.

दुपारी वारा समुद्राकडून फिरला. नदी गढूळ झाली. बदकं कुणी न हाकता काठ सोडून वर आली. मिस्त्री पुलाखाली वाकले. तुळईचा सांधा बोटभर उघडला होता. हलकी बाजू उचलली जात होती. पुराचा धक्का बसला की पूल पिळवटून जाणार, आणि गावाचे चहाचे मळे सगळे पलीकडे.

"कौलं परत चढवू या," शेजारचा सोंगबाव म्हणाला.

"वाशांना खिळे नाहीत अजून. तू चढ, मी खाली झेलतो तुला."

"मग?"

"दगड. पुलाच्या फळ्यांवर रचायचे."

हाताशी दगड एकाच ठिकाणी होते. छ्यू आजींच्या अंगणाच्या नदीकडच्या भिंतीत.

"आजी, भिंत हवीय," मिस्त्री म्हणाले.

"एरवी घोटभर चहाला येत नाहीस, आणि आज भिंत मागतोस?"

"पूल जाईल."

"भिंत गेली तर पाणी माझ्या घरात येईल."

"येईल."

"निदान खोटं तरी बोलायचंस, मेल्या." आजींनी पुलाकडे पाहिलं. "वरचा थर आधी काढ. मधला ओढलास तर पायावर घेशील."

पाऊस सुरू झाला. गाव रांगेत उभं राहिलं. ओला दगड जड होत नाही, फक्त हातात राहत नाही. मिस्त्री पुलाच्या उघड्या बाजूवर दोन्ही कठड्यांपाशी सारखे थर लावून घेत होते. सांध्यात बोट जाईना, मग नखही जाईना. तेव्हा त्यांनी सगळ्यांना पुलावरून हाकललं.

लोंढा आला. पूल कण्हला, थरथरला आणि राहिला.

"राहिला! मिस्त्री, राहिला!" सोंगबाव ओरडला.

मिस्त्री तिकडे बघत नव्हते. भिंत होती तिथून पाणी अंगणात वळलं होतं आणि उंबरा ओलांडत होतं. आजी कोंबडी कवटाळून पायरीवर उभ्या होत्या. मिस्त्री पाण्यात उतरून त्यांच्यापुढे वाकले.

"पाठीवर बसा."

"गुडघे आहेत का तुला?"

"आहेत तेवढे वापरतो."

ते चढावर निघाले. मागे आजींचं मातीचं घर खचल्याचा आवाज आला. मिस्त्री थांबले नाहीत. चढावर एकदा थांबलं की ओझं पुन्हा उचलावं लागतं.