पाटावरच्या दोन काठ्या

खंडेनवमीला वाल्मीक शिरसाठच्या घरी पाटावर फार काही मांडलं जात नसे. सातपूरच्या कंपनीतला त्याचा पाना, सिंधूची शिवणाची कात्री, हर्षालीची कंपासपेटी. आणि सगळ्यात शेवटी, लोखंडी कपाटावरून काढून, फडक्यानं पुसून, ड्रमच्या दोन काठ्या. मांडायचं काम वाल्मीकचं, हळदकुंकू सिंधूनं लावायचं. पाना, कात्री, कंपास, इथवर तिचा हात सरळ चालायचा. काठ्यांपाशी आला की बोट जड व्हायचं. बारा वर्षांच्या कुंकवानं काठ्यांची टोकं काळपट लाल झाली होती.

२००५ सालच्या खंडेनवमीला हर्षालीनं विचारलं, "पप्पा, काठ्या आहेत तर ड्रम कुठाय?"

"होता."

"मग?"

"मग कपाट आलं," वाल्मीक म्हणाला आणि त्यानं नारळ फोडायला घेतला.

बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सिंधूनं चार शब्द उलटून सुनावले असते आणि मोकळी झाली असती. बारा वर्षांत त्यानं ती सोय तिला कधी दिली नव्हती.

ड्रमसेट मूळचा देवळाली कॅम्पातल्या फ्रान्सिस मास्तरांचा. लष्करी बँडातून निवृत्त झालेला म्हातारा. विलायती माल, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा निळसर चमकायचा. मास्तर मुलीकडे बेळगावला कायमचे निघाले तेव्हा त्यांनी तो आपल्याकडे शिकलेल्या वाल्मीकला देऊन टाकला. "उन्हात ठेवू नको, ओल्या हातानं शिवू नको," एवढंच सांगितलं. तेव्हापासून वाल्मीक आठवडाभर कंपनीत आणि गणपती-नवरात्रात, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात. कळवण म्हणू नका, इगतपुरी म्हणू नका. पहाटे घरी यायचा, डोळे लाल आणि चेहरा असा, की जणू दुसऱ्याच कुठल्या घरून निघालाय.

सिंधू सिन्नरची. लग्न होऊन आली तेव्हा दीड खोलीत आधीच तो ड्रमसेट नांदत होता. जेवायला बसायचं तर त्याला वळसा घालून. तिच्या साड्या पत्र्याच्या ट्रंकेत आणि ड्रमवर मात्र धुतलेली चादर. "तुमची थोरली निवांत आहे हो," ती म्हणायची. वाल्मीक हसायचा. तिला हसू यायचं नाही.

९३ साली हर्षाली झाली. त्या खंडेनवमीला सिंधूनं स्वतः ड्रमसेटला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दिवशी दसरा. वाल्मीक सोनं द्यायला आईकडे गावी गेला होता. सिंधूनं शेजारच्या पोराकरवी जुन्या नाशकातल्या खंडेराव बँडवाल्याला निरोप धाडला. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, घासाघीस झाली नाही. ड्रमसेट हातगाडीवर चढला तेव्हा मोठ्या ड्रमवरचं कुंकू अजून वाळलंही नव्हतं. संध्याकाळी त्याच जागी लोखंडी कपाट आलं. ड्रमची माळ ताजीच होती, तिनं तीच कपाटाला घातली.

वाल्मीक आला. कपाटाकडे बघत उभा राहिला.

"पोरीच्या झोळीला जागा नव्हती," ती म्हणाली.

"बरं केलंस," तो म्हणाला आणि तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी घरी असायचा. पूर्वी ताटाच्या कडेवरही बोटं वाजवायचा, ते थांबलं. सिंधूला हवा होता तसा नवरा मिळाला, आणि त्याच्याकडे बघायची तिला चोरी झाली.

हर्षालीच्या त्या प्रश्नानंतर मात्र तिला राहवेना. दिवाळीचे ब्लाउज शिवून झाले, हातात पैसे आले, तशी ती खंडेरावांच्या दुकानी जाऊन धडकली. खंडेराव आता थकले होते. दोन्ही भिंतींना कर्णे टांगलेले, कोपऱ्यात पोरं लाल कोटांची बटणं घासत होती.

"वहिनी, त्याला आता काय शोधता! कळवणच्या एका वरातीत पावसात सापडला, लाकूड फुगलं. हे काय, मोठा तेवढा राहिलाय."

एका बाजूचं कातडं गेलं होतं. आत फेटे कोंबून ठेवलेले. निळा रंग पोपडे धरून सुटत होता. सिंधूनं कडेवरून बोट फिरवलं, पण कुंकू कुठं सापडलं नाही.

"वाल्मीकनं बोलू नका म्हणलं होतं, पण आता काय," खंडेराव म्हणाले. "दसऱ्यानंतर चार दिवसांनी आला होता तो. मी म्हणलं, बाबा, घेऊन जा तुझा, पैसे सावकाश दे. तर म्हणे, घरात कपाट आलंय, जागा नाही. नुसत्या काठ्या मागितल्या."

सिंधू तिथल्याच बाकड्यावर बसली. काठ्या आपल्या नजरेतून सुटून घरातच राहिल्या, असं ती बारा वर्षं समजत होती.

"मला दुसरा बघून द्या. जुनाच," ती म्हणाली.

"अहो, आता कोण वाजवतं?"

"तुम्ही बघून द्या हो."

बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राचा लाल ड्रमसेट मिळाला. पंधरा दिवसांनी, वाल्मीकची पहिली पाळी होती त्या दिवशी, ती तो टेम्पोतून घेऊन आली. कपाट ढकलून स्वयंपाकघराच्या दारात नेलं. आता आत जायचं तर कपाटाला वळसा.

वाल्मीक चारला आला. पायातली चप्पल काढायची विसरला.

"हे काय?"

"त्याच्यासारखा नाही, ठाऊक आहे मला," सिंधू म्हणाली. "तो गेला. मी बघून आले. त्यात फेटे ठेवतात. तुम्ही काठ्या मागायला गेला होता, तेही कळलं. एकदा तरी ओरडायचं होतं माझ्यावर!"

वाल्मीक कपाटाला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "कोणत्या तोंडानं ओरडू? सिंधू, त्या वर्षी नवरात्राचे नऊच्या नऊ दिवस ड्रमसेट घरात होता. तुला काही वाटलं नाही?"

"बाळंतीण घरात म्हणून तुम्ही सुपाऱ्या घेतल्या नाहीत. तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो खरा. ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आला होता. चार ड्रमांचं काम विजेवरच्या एवढ्याशा पाटीवर. श्रावणातच मला सांगितलं, तू येऊ नको. मला घरात तोंड उघडवेना. तेवढ्यात तू विकून टाकलास. आयतं झालं."

"आणि मी बारा वर्षं..."

"हो." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "दरवर्षी काठ्या पाटावर ठेवायचो. तू कुंकू लावताना तुझ्या तोंडाकडे बघायचो. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं."

सिंधूला संताप आला. एवढ्या वर्षांचा जड झालेला हात, मोडलेली झोप, सगळं त्याच्या अंगावर फेकावं असं वाटलं. ती तोंड उघडणार तेवढ्यात तिची नजर कपाटावर गेली आणि तिला ती माळ आठवली. ऑक्टोपॅडचं तिला त्या दिवशी कुठं ठाऊक होतं? तिच्या लेखी तर तिनं चालता, कमावता ड्रमसेट विकला होता.

"झोळीचं मीही खोटंच सांगितलं," ती म्हणाली. "पोरीची झोळी आढ्याला होती, तिला जमिनीवर कशाला जागा लागते? मला तुम्ही घरी हवे होता."

"माहीत होतं."

"मग?"

"मग, आलो ना घरी."

हर्षाली शाळेतून आली ती ओरडतच. "पप्पा, वाजवा ना! आई, काठ्या कुठायत?"

सिंधूनं स्टुलावर चढून कपाटावरून काठ्या काढल्या. टोकांचं कुंकू पदरानं पुसायला गेली, निघेना. तशाच त्याच्या हातात दिल्या आणि चहा टाकायला आत गेली, कपाटाला वळसा घालून.

बाहेर वाल्मीकनं सुरुवात केली. तीन ठोके नीट पडले, चौथा उशिरा आला. पुन्हा तीन, आणि पुन्हा चौथा उशिरा.

"पप्पा, चुकतंय!" हर्षाली हसली.

"हात बसायला वेळ लागतो गं," तो म्हणाला.

सिंधू दोन्ही हातांत कप धरून कपाटाआड थांबली. चौथा ठोका वेळेवर पडल्याशिवाय तिचा पाय पुढे निघेना. चहावर साय धरली, तरी ती तिथंच उभी होती.