चिलमीचा पहिला झुरका

कोपरीच्या धोंडीबा गुरवाची सनई तुम्ही ऐकली नाहीत, हे तुमचं नुकसान. ठाण्यात आगगाडी येऊन वीस-पंचवीस वर्षं झाली होती, तिच्या शिट्टीचं कुणाला अप्रूप उरलं नव्हतं; पण कोपरीत दिवस उजाडायचा तो धोंडीबाच्या सनईनं. अंगानं काटकुळा, मिशा मात्र दोन माणसांच्या! देवळाच्या ओट्यावर बसून तो वाजवी आणि शेजारी त्याचा पंधरा वर्षांचा तानाजी सूर धरी. सूर धरायचा म्हणजे दुसऱ्या सनईतून एकच स्वर काढत राहायचा, तो क्षणभर तुटू द्यायचा नाही. गालात वारा साठवायचा, नाकानं श्वास ओढायचा. ऐकायला सोपं आहे, करून बघा म्हणजे कळेल!

माणूस सुखी होता. बायको रंगूबाई जिभेनं तिखट, पण जीव लावणारी. संध्याकाळी पारावर चिलीम मिळाली की धोंडीबाला आणखी काही नको असे. आता त्या वेळची रीत सांगायला हवी. मोठ्या माणसानं चिलीम भरायची आणि पोराला हाक मारायची, "पेटवून आण रे!" पोरानं चुलीतला निखारा वर ठेवायचा, दोन झुरके मारून ती चेतवायची आणि मग वडिलांच्या हातात द्यायची. पोर हाताशी आलं, म्हणून घरात कौतुकच व्हायचं.

त्या वर्षी कल्याणच्या एका मोठ्या घरच्या लग्नाची सुपारी आली. धोंडीबा हरखून गेला. पण लग्न पंधरा दिवसांवर आलं आणि एका सकाळी देवळात तानाजीचा सूर तीनदा तुटला. पोर खोकून खोकून लाल झालं. त्याच दुपारी रंगूबाईला गोठ्यात, गवताच्या पेंढ्यांमागे, पोराची स्वतःची चिलीम सापडली.

धोंडीबाचं डोकंच फिरलं. "अरे गाढवा, छातीत धूर कोंडून सूर धरणार होय? भर मांडवात माझी अब्रू घालवणार तू!" त्यानं हात उगारला.

तानाजी मागं सरला नाही. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "बाबा, सातव्या वर्षापासून तुमचीच पेटवतोय. मला दुसऱ्या कुणी शिकवली?"

हात वरच राहिला. रंगूबाई म्हणाली, "मारा की! आता का थांबलात?"

पण धोंडीबा असा हार मानतो थोडाच! "माझी गोष्ट वेगळी. ये, बस समोर. दोघं सूर धरू. बापाचा दम कसा असतो तो बघ."

अंगणात दोघे समोरासमोर बसले, रंगूबाई पंच होऊन उंबऱ्यावर. सूर निघाले. पोराचा चेहरा लाल झाला, कपाळाची शीर फुगली, तरी त्यानं सोडलं नाही. आणि एकाएकी एक सूर तुटला. तो धोंडीबाचा! खोकल्याची अशी उबळ आली की सनई मांडीवरून घरंगळली.

धोंडीबा बसल्या जागी चपापला. गेली कित्येक वर्षं तो रागदारी वाजवत होता. तान संपली की थांबायला मिळे, आणि मधली जागा पोराचा सूर भरून काढी. त्या आडोशाला आपला दम कधी सरला, हे त्याला कळलंच नव्हतं. त्याला फार लाज वाटली. पोराची पाठ थोपटून तो म्हणाला, "आजपासून दोघांचीही बंद."

पहिले आठ दिवस तो घरात नुसता खेकसत होता. रंगूबाईनं त्याच्या कनवटीला बडीशेप बांधून दिली आणि सगळं ऐकून घेतलं. बापलेक एकमेकांवर पहारा ठेवून होते.

कल्याणच्या मांडवात सकाळपासून सूर एकदाही तुटला नाही. मधल्या विसाव्यात वरपक्षाच्या एका म्हाताऱ्यानं चिलीम भरली आणि सवयीनं तानाजीपुढे धरली. "पोरा, पेटवून आण." तानाजीही सवयीनंच अर्धा उठला.

धोंडीबानं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. स्वतः आचाऱ्याच्या चुलीपाशी गेला, चिमट्यात निखारा धरून आणला आणि म्हाताऱ्याच्या चिलमीवर ठेवला.

"घ्या. पहिला झुरका तुमचा तुम्हीच मारा," तो हात जोडून म्हणाला. "ह्याच्या श्वासावर माझी सनई चालते."