भित्रा राक्षस

माझ्या बायकोच्या मामांइतका भित्रा माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल, आणि गंमत अशी की झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी उभा जन्म राक्षसाची कामं केली. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत ते रंगमंचावर गरजले की बाया लेकरांना पदराखाली घेत. घरी मात्र कुकरची शिट्टी झाली की हे अंगणात. पाल दिसली तर खाटेवर, वीज कडाडली तर खाटेखाली. जवाहरनगरला कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये आले की पंख्याखाली कधी बसायचे नाहीत. "जवाईबापू, त्याचा काई भरोसा नाही," म्हणत भर मे महिन्यात घाम पुसत भिंतीला टेकून राहायचे. म्हातारपणी या यादीत डॉक्टर, तार घेऊन येणारा पोस्टमन आणि आरसाही जमा झाला.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास तुमसरच्या टॉकीजला एक विनोदी सिनेमा लागला. काम सुटलेले म्हातारे नट एकाच घरात राहतात, अशी गोष्ट. मामा स्वतःहून "चाला" म्हणाले, तेव्हा आम्ही थक्कच झालो. सिनेमा अगदीच फुसका निघाला. एकाची कवळी वरणात पडते, दुसरा बायकोचं लुगडं धोतर समजून नेसतो; दुपारच्या खेळाला आलेली मोजकी माणसं पेंगत होती. मी मामांकडे पाहिलं, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलेलं. पडद्यावर एक म्हातारा आपलं भाषण विसरला होता आणि त्याचेच सोबती त्याला हसत होते.

"चाला जी बाहेर," मामा कुजबुजले.

"काहून? आवडला नाही?"

"मले भेव लागून रायलं. आमची राणी कशी असंन?"

राणी म्हणजे त्यांच्या नाटकात लुगडं नेसून राणीचं काम करणारा अड्याळचा शेतकरी. नाटक मंडळ बंद पडल्यापासून दोघांची भेट नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन अड्याळ गाठलं. मित्राच्या फाटकाशी मामा थांबले. "तुमीच पुढं व्हा. काई वाईट असंन तर मले बाहेर येऊन सांगा." वाईट होतं, पण त्यांना वाटलं तसं नव्हतं. मित्र अंगणात उन्हाला बसला होता. त्याची बायको हळूच म्हणाली, "आता कोनालेच वळखत नाही जी. मलेई नाही."

मी फाटकाशी येऊन ते सांगितलं, तेव्हा मला वाटलं, मामा तिथूनच मागे फिरणार. पण ते गेले आणि त्याच्या खाटेवर बसले.

"कोन जी तुमी?" मित्रानं विचारलं.

मामा म्हणाले, "परवासी हाव. पानी प्याले आलो."

मित्रानं बायकोला पाणी आणायला सांगितलं आणि जवळ सरकून दबक्या आवाजात म्हणाला, "बसा थोडे. एकट्याले मले लई भेव वाटते."

"मी हाव ना इथं," मामा म्हणाले, आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. पाणी आलं तरी त्यांनी तो सोडला नाही.

मग तो मित्र जिवंत होता तोवर मामा दर बाजाराच्या दिवशी अड्याळला जात आणि दर वेळी नवा परवासी होऊन पाणी मागत. एकदा परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "मामा, एखाद्या वेळी नाव सांगून पाहा ना."

"नाही जी," ते बाहेरच्या धानाकडे बघत म्हणाले. "नाव सांगतलं का तो आठवाले पायते, अन् आठवत नाही म्हून भेते. परवाशाले तो भेत नाही."