पप्पांचा वाकडा दात

पप्पा सायकलवरून पडले तेव्हा मी नववीत होते. वसईत निर्मळच्या पुढे आमची लहानशी वाडी होती. केळी, थोडा सोनचाफा, पाटाच्या कडेने अळू. फुलांची टोपली मागे बांधून पप्पा पहाटे स्टेशनकडे निघायचे. पाऊस नुकता सरला होता, रस्त्यावर शेवाळ तसंच होतं. वळणावर चाक घसरलं आणि ते विहिरीच्या कठड्यावर तोंडावर आपटले. घरी आले ते तोंडाला रुमाल लावून. आईने रुमाल हळूच बाजूला केला, तर वरचे समोरचे दोन दात मोडलेले.

पप्पा गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. लग्न असो, देवळाचा म्हणजे आमच्या चर्चचा सण असो, आमच्या भागात त्यांचं ट्रम्पेट लांबून ओळखू यायचं. ट्रम्पेट ओठांनी वाजतं हे मला माहीत होतं. त्या ओठांना मागून दातांचा टेकू लागतो हे मात्र तेव्हा कळलं. जखम भरल्यावर त्यांनी ओटीवर बसून फुंकून पाहिलं. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकलं. मग ट्रम्पेट फडक्यात गुंडाळून त्यांनी कपाटावर ठेवून दिलं.

वसई स्टेशनजवळ एका तरुण बाईंनी दातांचा दवाखाना नवीनच उघडला होता. आई पप्पांना तिथे घेऊन गेली, सोबत मीही. डॉक्टरांनी उरलेली मुळं काढली आणि दोन उपाय सांगितले. एक, काढता-घालता येणारे दात, स्वस्तातले. दुसरा, शेजारच्या दातांवर टोप्या बसवून त्यांच्या आधाराने पक्के बसवलेले दात. त्यांची किंमतही त्यांनी सांगितली. तेवढ्या पैशांत आमच्या घराचे कित्येक महिने निघाले असते.

"स्वस्तातले घालून वाजवता येईल?" आईने विचारलं.

"खरं सांगू का मावशी, जोर लागला की हलतील," डॉक्टर म्हणाल्या.

"मग वाजवायचं नाही," पप्पा म्हणाले. "खाता आलं म्हणजे झालं."

आईने हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं. ते पप्पांनी पाहिलं आणि मान हलवली. तो विषय तिथेच संपला. स्वस्तातले दात आले. पप्पा भाकरी खाऊ लागले, लोकांशी हसून बोलू लागले, वाडीत राबू लागले. फक्त लांबून बँड ऐकू आला की ते पाण्याचा पंप चालू करायचे.

नाताळ झाला आणि आमच्याकडे लग्नं सुरू झाली. ती चालतात ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागेपर्यंत. मग थेट ईस्टरनंतर. उपवासकाळातल्या पहिल्याच रविवारी, मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, संपल्यावर बँडमधले क्लॅरिनेटवाले काका आमच्याकडे आले. बँड त्यांनीच उभा केला होता, पप्पांना ट्रम्पेट शिकवलं तेही त्यांनीच. ओटीवर बसले, आईने दिलेला चहा प्यायले आणि खिशातून एक जाड पाकीट काढून पप्पांसमोर ठेवलं.

"काय हे?"

"तुझा वाटा. नाताळपासूनच्या लग्नांचा."

"मी कुठे वाजवलं?"

"तू नाही वाजवलंस. आम्ही तुझ्या जागेवर दुसरा घेतलाही नाही."

पप्पांना कळेना. मलाही नाही. काकांनी मग सांगितलं. बँडमधल्या सगळ्यांनी ठरवून ट्रम्पेटशिवाय लग्नं वाजवली होती. जिथे ट्रम्पेटने सूर उचलायचा तिथे क्लॅरिनेटने कसंबसं भागवायचं, नाहीतर नुसता ढोल चालू ठेवायचा. एका नवऱ्या मुलाच्या बापाने तर भर मांडवात विचारलं होतं, बँड अर्धाच का आणलात म्हणून. तरी पैसे आले की वाटे पूर्वीइतकेच पाडायचे, पप्पांना धरून.

"लोकांना काय सांगितलंत?" पप्पांनी विचारलं.

"सांगितलं, आमचा माणूस दातांसाठी थांबलाय."

पप्पा उठले आणि केळीत निघून गेले. काकाही पाकीट तिथेच ठेवून गेले. बँडमधल्या त्या माणसांना मी लहानपणापासून ओळखत होते. कोणी रिक्षा चालवायचा, कोणी आमच्यासारखी वाडी करायचा. पैशांवरून त्यांची तोंडं वाजलेलीही मी ऐकली होती. तीच माणसं दीड-दोन महिने गप्पपणे अपुरा बँड वाजवत होती, आणि आमच्यापर्यंत एक शब्द आला नव्हता. मी त्या पाकिटाला हात लावला नाही. देवळात वेदीजवळ जाताना पाऊल जपून पडतं, तसं काहीतरी मला त्या ओटीवर झालं.

दिवेलागणीला पप्पा परत आले. हातपाय धुतले आणि आईला म्हणाले, "ती डॉक्टर सोमवारी असते का गं?"

ते पैसेही पुरे पडत नव्हते. डॉक्टर पप्पांना म्हणाल्या, "उरलेले सवडीने द्या, काका. पण ते वाद्य दवाखान्यात घेऊन या. मी वाजवणाऱ्याचे दात कधी केलेले नाहीत."

पक्के दात करण्याआधी त्यांनी प्लास्टिकचे तात्पुरते बसवले. सरळ, एकसारखे, सुंदर. पप्पांनी खुर्चीतच ट्रम्पेट तोंडाला लावलं. बाहेर बसलेले पेशंट दारात येऊन उभे राहिले. सूर निघाला, पण घोगरा, आणि वर चढताना फाटला. डॉक्टरांनी कड घासली. पुन्हा तेच. थोडी जाडी वाढवली, तरी तेच. पप्पांच्या कपाळावर घाम आला.

तेव्हा आई पुढे झाली. "डॉक्टर, ह्यांचा हा दात असा नव्हता." तिने स्वतःच्या दातावर बोट ठेवलं. "हा जरा पुढे होता, शेजारच्यावर चढलेला. हसले की आधी तोच दिसायचा."

"अगं, असू दे," पप्पा लाजून म्हणाले.

"असू दे काय? वाकडा होता तर होता."

डॉक्टर हसल्या. "लोक माझ्याकडे वाकडे दात सरळ करायला येतात, मावशी." पण त्यांनी आईला जवळ बसवून घेतलं. प्लास्टिकचा लगदा चिकटवायचा, घासायचा, आईला दाखवायचा. आई म्हणायची, अजून थोडा पुढे. आता जास्त झाला. हां, असा. पप्पा तोंड उघडं ठेवून दोघींकडे आळीपाळीने बघत होते.

मग त्यांनी पुन्हा ट्रम्पेट उचललं. खालचा सूर आला, स्वच्छ. तो धरून ठेवत ते हळूहळू वर गेले आणि सूर फाटला नाही. त्या एवढ्याशा खोलीत तो मावेना. कपाटाच्या काचा थरथरल्या. डॉक्टरांनी हातातली अवजारं खाली ठेवली आणि नुसत्या उभ्या राहिल्या. दारातल्या एका म्हाताऱ्या पेशंटने डोक्यावरची टोपी काढली. तोवर मी तो आवाज हजार वेळा ऐकला असेन. पण माणसाच्या तोंडातल्या एवढ्याशा वाकडेपणावर तो उभा आहे, आणि तो वाकडेपणा आईने इतकी वर्षं नीट पाहून ठेवला आहे, हे मला माहीत नव्हतं.

पक्के दात त्याच मापाने घडवून आले. ईस्टरनंतरच्या पहिल्या लग्नाला डॉक्टरही आल्या, बँडवाल्यांनीच त्यांना आमंत्रण दिलं होतं. नवरा-नवरी देवळाच्या पायऱ्या उतरू लागली तशी काकांनी पप्पांना मान हलवून खूण केली आणि स्वतःचं क्लॅरिनेट खाली घेतलं. बाकीचेही थांबले. एकटं ट्रम्पेट सुरू झालं. माणसं बोलायची थांबली. नवरीसुद्धा पायरीवर थबकून वळली.

आई माझ्या शेजारी उभी होती. तिचं नवरीकडे लक्ष नव्हतं. ती फक्त पप्पांच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिचे स्वतःचे ओठ नकळत हलत होते.